सोमवारी सोडून द्या

दिवाळीनंतर एखाद्या गावात मंडईचा, म्हणजे आमच्याकडच्या गावजत्रेचा, मंडप दिसला, की ते प्रकरण मला अजून आठवते आणि मी एकटाच हसत सुटतो. तपासाची मोठमोठी कामे हातून झाली, पण घरी आलेला माणूस "ती म्हाताऱ्याची सांगा ना" असेच म्हणतो.

मोबाइल नुकते खेड्यापाड्यांत पोहोचत होते त्या वर्षांतली ही गोष्ट. मी गोंदिया शहराला लागून असलेल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. आमच्या भागात दिवाळी संपली की मंडया सुरू होतात. आज या गावची, उद्या त्या गावची. दिवसा दंडारीचे नाचगाणे, रात्री नाटक, आणि घरोघर लांबलांबचे पाहुणे. लोकांची चैन असते, आमची मात्र बंदोबस्तात पायपीट. त्या गुरुवारी सकाळची हजेरी घेऊन मी बंदोबस्ताचे वाटप करत होतो, तेवढ्यात फोन वाजला.

"साहेब, एक मास्तर चार लेकरं परदेशात नेऊन राहिला. पासपोर्ट-बिसपोर्ट काही नाही. दुपारच्या गाडीनं जाते. अडवा त्याले." आवाज म्हाताऱ्या माणसाचा होता.

"तुम्ही कोण बोलता?"

"मी कोनी नाही. तुमी फक्त अडवा. आन् सोमवारी सोडून द्या."

फोन बंद. नंबर जवळच्याच कुडवा गावातल्या एका एसटीडी बूथचा निघाला. बूथवाल्याला एवढेच आठवत होते, की "कोई बुढऊ था, साहब."

मुलांचा विषय असला की खबर कितीही वेडगळ वाटो, ती झटकून चालत नाही. स्टेशन डायरीत नोंद केली, रेल्वे पोलिसांना कळवले आणि हवालदाराला घेऊन रेल्वे स्टेशन गाठले. हा हवालदार अंगाने आडवा आणि स्वभावाने कमालीचा संशयी. घरी आलेल्या जावयालाही तो आधी नाव-गाव विचारत असावा.

फलाटावर मास्तर सापडला. सोबत बारा-तेरा वर्षांच्या दोन मुली, दोन मुलगे, त्यांच्या घरची माणसे आणि लांबच लांब बॅगा. हवालदार माझ्या कानाला लागला, "साहेब, या बॅगांत बंदुका मावतात."

सगळ्यांना रेल्वे पोलिसांच्या खोलीत बसवून चौकशी सुरू केली. मास्तर शाळेत खेळ शिकवणारा निघाला. "काठमांडूला ज्युनियर टेनिसची स्पर्धा आहे, साहेब. नेपाळले पासपोर्ट लागत नाही, म्हणून तर नेपाळ. दुसरा देश आम्हाले कसा परवडन?"

एका बॅगेत तांदूळ, डाळ आणि कुकर निघाला. "हे कशाला?"

"चार पोरं घेऊन परदेशात निघालो, साहेब. बाहेरचं खाऊन पोट बिघडलं त खेळन कोन?"

रात्री नागपूरहून गोरखपूरची गाडी, तिथून सरहद्दीपर्यंत बस, पलीकडे दुसरी बस, आणि शनिवारी संध्याकाळी प्रत्येक खेळाडूने स्वतः हजर राहून सही करायची, असा त्याचा बेत होता. "सही हुकली का नाव कटलं. मंग तिथं मंदिरं पाहाची आन् परत याचं."

इकडे हवालदाराला एक सीलबंद डबा सापडला होता. त्याने झाकणाची कडी ओढली. फस्स! हवालदार बाकावर आडवा आणि रेल्वेचा शिपाई दाराबाहेर. डब्यात तीन पिवळे चेंडू होते.

"काका, थो डबा सरावासाठी होता. आता त्याची हवा गेली," एक काटकुळी मुलगी सरळ म्हणाली. हवालदार "सॉरी, बेटा" म्हणाला. हा शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला.

क्रीडा कार्यालयातून खात्री करायला फोन लावला, तर संबंधित बाबू जेवायला गेलेले. ते येऊन "हो, बरोबर आहे" म्हणेपर्यंत गाडी आमच्या डोळ्यांदेखत सुटली. एका मुलाचे वडील माझ्यावर ओरडू लागले, आणि त्यांचे बरोबरच होते. ती काटकुळी मुलगी रडली नाही. बॅगेचा पट्टा घट्ट धरून रिकाम्या रुळांकडे बघत राहिली. मला फार वाईट वाटले.

या गोंधळात एकच माणूस निवांत होता. त्या मुलीचे आजोबा बाकावर बसून सुपारी कातरत होते. बाकीच्यांच्या हातांत चिवड्याचे, करंज्यांचे डबे, आणि यांचे हात रिकामे. नात परदेशी निघालेली आणि आजोबा डब्याशिवाय निरोपाला आलेले, हे मला पटेना. मग ते सकाळचे वाक्य आठवले. अटक करा म्हणणारे, चोप द्या म्हणणारे खबरे मी पुष्कळ पाहिले, पण सुटकेचा वार सांगणारा हा पहिलाच.

"रविवारी मंडईचा बंदोबस्त कुठे आहे?" मी हवालदाराला विचारले. त्याने गाव सांगितले. मुलीला तिचे गाव विचारले. तेच निघाले.

"आबाजी, इकडे या. पाहुणे कुठून कुठून येताहेत?"

"बालाघाटचे, नांदगावचे, सारेच येऊन राहिले, साहेब."

"आणि नात सोमवारपर्यंत इथेच पाहिजे?"

म्हातारा भडकला. "मंग का तं! माझी नात परदेशात खेळाले जाते म्हणून साऱ्याइले सांगून बसलो. लोकं तिलेच पाहाले येतेत, आन् हे पोरगी मंडईच्या आधीच निंगाली! त्याइले का दाखवू, तिची खाट?"

नात पुढे आली. "पर आबाजी, मी गेलीच नाही, त परदेशात खेळते म्हणून दाखवसान कशी?"

आजोबांचा अडकित्ता थांबला. एवढा साधा विचार त्यांच्या डोक्यात आलाच नव्हता. ते उठले, नातीची बॅग खांद्याला लावली आणि मलाच दरडावले, "मंग बसले कायले, साहेब? गाडी काढा!"

वरिष्ठांना फोन केला. ते पोटभर हसले आणि त्यांनी परवानगी दिली. आरोपींना कोर्टात नेण्याची आमची जाळीची गाडी काढली. तिच्यात मास्तर, चार खेळाडू, आजोबा आणि कुकर कोंबून नागपूरचा रस्ता धरला. भंडाऱ्याजवळ चहाला थांबलो, तेव्हा एका बाईने जाळीतून डोकावून हवालदाराला विचारले, "येवढी लहान लेकरं! काऊन पकडलं यांना?"

"टेनिस," हवालदार गंभीरपणे म्हणाला.

नागपूरला गोरखपूरची गाडी मिळाली. डबा आणला नव्हता म्हणून आजोबांनी फलाटावर संत्री घेतली आणि खिडकीतून एकेक करून आत दिली.

रविवारी त्या गावच्या बंदोबस्ताला मी मुद्दाम स्वतः गेलो. आजोबांनी मला पाहुण्यांच्या मधोमध खुर्चीवर बसवले. नातीऐवजी ते मलाच दाखवत होते. "पोलीसच्या गाडीत पोचवली माझी नात. हे साहेब होत." तेवढ्यात हवालदाराच्या मोबाइलवर मास्तरचा फोन आला. सही वेळेत झाली होती, पण मुलगी पहिल्याच सामन्यात हरली होती.

म्हातारा आता कोसळतो, असे मला वाटले. त्यांनी दंडारवाल्यांकडून माइक घेतला.

"माझी नात हारली! नेपाळात जाऊन हारली! इथं बसलेल्याइतून परदेशात जाऊन कोन हारलं असन, त्यानं हात वर करावं!"

एकही हात वर झाला नाही. मग टाळ्यांनी मंडप दणाणला.

खोटी माहिती दिल्याबद्दल आजोबांवर मला गुन्हा दाखल करता आला असता. मी "माहितीत तथ्य आढळून आले नाही" असे लिहून प्रकरण मिटवले. प्रत्येक खोट्या खबरीमागे दुष्मनी शोधायची आम्हा पोलिसांना सवय असते. इथे दुष्मनी नव्हती, कौतुकच उतू गेले होते. लेकरू मोठे व्हावे असे घरच्या सगळ्यांना वाटते, पण त्यासाठी ते दाराबाहेर पडू लागले की आधी घरच्यांचाच हात आडवा येतो. त्यानंतर अशा घरांत मी कितीदा तरी गेलो आणि दर वेळी त्या मुलीचाच प्रश्न विचारला. तो प्रश्न ऐकून आजोबांइतक्या लवकर उठून बॅग उचलणारा माणूस मात्र मला पुन्हा भेटला नाही.