घराण्याचा कोट आणि जिन्याखालचे मास्तर

आमच्या गल्लीतल्या नगरसेवकांच्या घराण्याची वंशावळ हवी असेल तर नगरपालिकेत जाऊ नका. तिथे भिंतीवर नुसते फोटो आहेत. त्यांच्या घराच्या जिन्याखाली टेलरमास्तरांचं दुकान आहे, तिथे बसा. मास्तरांच्या आजोबांपासूनची मापांची वही आहे. कोण कधी निवडून आलं आणि मग किती फुगलं, सगळं इंचांत.

वहीत पहिले पणजोबा. हा भला माणूस गटार तुंबल्याची तक्रार करायला नगरपालिकेत गेला, चुकीच्या रांगेत उभा राहिला आणि खिडकीतून जो अर्ज मिळाला तो भरून आला. घरी बायकोला म्हणाला, "झालं गं काम!" आठवड्यानं कळलं, स्वारी बिनविरोध निवडून आलीय. गटार अजून तुंबलेलंच आहे, पण तो विषय त्या घरात काढायचा नाही.

शपथेला घालायला पणजोबांकडे धड कपडा नव्हता. मास्तरांच्या आजोबांनी घाईघाईनं काळा कोट शिवून दिला. छाती चौतीस. पुढे त्यांचा मुलगा उभा राहिला. कोणी काहीही मागितलं की हा म्हणायचा "बघतो", म्हणून अख्खं गाव त्याला बघतोआजोबा म्हणायचं. येताना छत्तीस, जाताना सेहेचाळीस. मग त्यांचा थोरला. तिघांनीही शपथ घेतली ती त्याच कोटात, तिघांचेही फोटो त्याच कोटात. कोटाशिवाय शपथ म्हणजे अपशकुन, असं घरात पक्कं ठरलेलं. मास्तरांच्या तीन पिढ्या तो कोट उसवत, सैल करत, काखेत पट्ट्या जोडत, पुन्हा आवळत आल्या.

आता गंमत ऐका. थोरल्यांनी निवृत्ती जाहीर केली, पण वारस जाहीर करायचं विसरले. झालं! एकाच वॉर्डात त्यांचा धाकटा भाऊ उभा आणि त्यांचीच मुलगीही उभी. काका काडीसारखा, वारा आला की खांबाला धरतो. पुतणी अशी की जिना चढली तर खाली मास्तरांच्या मशीनवरची कात्री थरथरते. आणि कोट एकच.

प्रचार सुरू झाला त्या दिवशी सकाळी काका दुकानात आले.

"मास्तर, कोट आत घ्या. पंचवीस वर्षं थांबलोय."

"निकाल तर लागू दे."

"दुकान कुणाच्या जिन्याखाली आहे?"

ते बाहेर पडतात न पडतात तोच पुतणी आत. "मास्तरकाका, कोट सैल करा हं. आणि काका काय म्हणून गेले?"

"जिन्याची चौकशी करत होते."

"अर्धा जिना माझ्या बाबांचा आहे, विसरू नका."

मास्तर घामाघूम. आजोबांपासूनचं दुकान. दुसरीकडे जागा मिळेल, पण येणारा-जाणारा प्रत्येक माणूस जिथे टेकतो असा जिना कुठून आणायचा? त्यात गल्लीनं डोकं लावलं: मास्तर ज्याच्या मापाचा कोट करतील तोच येणार! झाली गर्दी. शर्टाची धडधाकट बटणं उपटून लोक बटण लावायला येऊ लागले. मास्तरांनी कोटाला नुसती सुई लावली तरी बाहेर कुजबुज, "आत घेतायत, आत घेतायत!" आणि संध्याकाळी काकांच्या मिरवणुकीत वीस माणसं जास्त. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी टीप उसवली, तर पुतणीच्या दारात हार.

"अहो, एकदाचं काय ते करा ना," मास्तरीणबाई वैतागल्या. "मला पाण्याला जायलाही वाट राहिली नाही."

मास्तरांनी केलं. कोट पुतणीच्या मापाचा सैल केला, पट्ट्या घालून. मग वरून, पाठीला आणि दोन्ही कुशींना, एकाच लांब दोऱ्यानं धावदोरा घालून तो काकांच्या मापाला आवळला. दोघांनाही बोलावून समोर सांगून टाकलं, "काका आले तर असाच घाला. ही आली तर दोरा ओढायचा, कोट हिचा. आता मला जगू द्या."

काका एकोणीस मतांनी आले. मोजणी सकाळी, शपथ दुपारी. पक्की टीप मारायला वेळ कुणाला? काका तशाच धावदोऱ्यात मंचावर चढले. हात वर केला. "मी शपथ घेतो की" एवढं म्हणतात तोच पुतणी मागून अभिनंदनाला आली.

"काका, दोरा लोंबतोय हो तुमचा."

आणि ओढला. सर्रर्र!

काय सांगू! कोट असा उघडला की काका आतल्या आत दिसेनासे झाले. बाहीतून फक्त शपथेचं एक बोट बाहेर. सभागृह बाकांवर आडवं. अध्यक्षांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि विचारलं, "सन्माननीय सदस्य आत आहेत का?" आतून आवाज आला, "आहे! लिहून घ्या!" शपथ झाली. फोटोवाल्यानं मात्र हात जोडले. म्हणाला, "हा फोटो भिंतीवर लागणार असेल तर मी धंदा सोडतो."

तासाभरानं काका दुकानाच्या दारात. एका हातात नवंकोरं कुलूप, दुसऱ्या हातात कोटाचं बोचकं.

"खाली करा दुकान. आत्ता!"

"करतो." मास्तर शांतपणे उठले. "सामान आवरू की आधी कोट शिवू? दोन्ही नाही जमायचं."

काका कुलपाकडे बघतात, बोचक्याकडे बघतात. दुकानाच्या भिंतीवरही कोटातले फोटो लावलेले: बापाचा, भावाचा, शेजारी रिकामा खिळा. जिन्यावरून पुतणी वाकून बघतेय, गल्ली श्वास रोखून उभी.

"कोट," काका पुटपुटले.

"आणि तो झाला की?"

"झाला की बघतो."

मास्तरांसारखा चपळ हात आमच्याकडे दुसरा नाही. लग्नघरचा सूट एका दुपारी उडवतात. पण या कोटाला आता आठवा महिना चाललाय. रोज सकाळी काका येऊन विचारतात, "झाला का हो?" मास्तर सुई तोंडातून काढत म्हणतात, "डावी बाही जरा हट्ट करतेय." काका स्टुलावर टेकतात, अर्धा कप चहा घेतात, आणि पाठोपाठ पुतणी येऊन उरलेला अर्धा मागते.

परवा मीच मास्तरांना म्हटलं, "अहो, बाही तर बसली की!"

मास्तरांनी इकडेतिकडे पाहिलं, कात्री उचलली आणि बाही उसवली.