बारदानातली घंटा
लातूरच्या अडतीवर ओल्या बारदानाचा वास आला की माझं डोकं आजही फिरतं. भूकंपात आमच्या गावच्या चर्चची घंटा आपोआप वाजली होती. त्यानंतर ती वाजली की अख्खं गाव घराबाहेर पळायचं. म्हणून चर्चच्या पंचांनी तिच्या लोलकाला गोणपाटाचं बारदान गुंडाळलं. त्याच वर्षी वडील गेले. जन्मभर चर्चच्या मंडळीतल्या प्रत्येक मयताला त्यांनीच ती वाजवलेली. “निदान आज तरी बारदान सोडा,” मी म्हटलं. चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, “लोक लई भ्यालेत. न्हाई सोडता येत, बाबा.” मी चिडून तशीच दोरी ओढली. धप्प, धप्प. कुणी पळालं नाही, कुणी आलंही नाही. आता लातुरात माझ्या घराशेजारी क्लासची घंटा दर तासाला खणखणते, कुणी दचकतसुद्धा नाही. गावातलं बारदान मात्र अजून तसंच आहे.