डोक्यातला किडा

मुलुंडच्या एका दवाखान्यात माझ्या शेजारी पन्नाशी उलटलेले एक गृहस्थ बसले होते. गळ्यातली तुळशीची माळ ते सारखी सदऱ्याच्या आत ढकलत होते. त्यांना फिट आली होती आणि तपासणीत मेंदूत पट्टकृमीची गाठ निघाली होती.

"कारखान्यात सगळे म्हणायचे, तुझ्या डोक्यात किडा आहे. आता डॉक्टरही तेच म्हणतायत," ते हसून म्हणाले. मग त्यांचा आवाज उतरला. "हा जंत डुकराच्या मांसातून येतो, असं मुलाने मोबाईलवर वाचलं. तेव्हापासून ही बोलत नाही. अहो, मी बाहेर चहासुद्धा पीत नाही. डबा घरचा, पाणी घरचं."

त्यांच्या पत्नी पलीकडे तोंड फिरवून बसल्या होत्या. तेवढ्यात हे बोलणं ऐकून तरुण डॉक्टरीणबाई दारात आल्या.

"काकू, डोक्यातली गाठ मांस खाऊन होत नाही. या कृमीची अंडी नीट न धुतलेल्या कच्च्या भाजीतून, घाणेरड्या पाण्यातून पोटात जातात. काकांना औषधं चालू करू या."

बाईंचा चेहरा पडला. "कोशिंबीर तर रोज मीच करते," त्या पुटपुटल्या.

"तुझी कोशिंबीर कशाला?" गृहस्थ घाईने म्हणाले. "साकीनाक्याला कारखान्याबाहेर गाडीवर काकडी, मुळा खातो ना मी. रोज."

मी त्यांच्याकडे पाहिलं. खोटं मला सहसा खपत नाही, पण त्या वेळी मी गप्प राहिलो.

"मग मी डबा कोणासाठी भरते हो?" बाई कडाडल्या. लिफ्टपर्यंत त्या बोलतच होत्या आणि ते मान खाली घालून समाधानाने ऐकत होते.