बहुधा नऊ नोव्हेंबर

हे सगळं मला नीट आठवतं, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. माणसं बरोबर असतील, क्रम चुकला असेल. पण कचेरीत भाषांतराच्या टेबलावर बसलेल्या माणसाकडे किस्से साचतातच. कागद निकाली निघतात, किस्से राहतात.

पोलीस ॲक्शननंतरची ती वर्षं. निजाम गेला होता, दप्तर मात्र उर्दूतच होतं. मी कॉलेजात फारसी शिकवायचो आणि दुपारी औरंगाबादच्या कचेरीत जुन्या दाखल्यांची भाषांतरं करायचो. समोर हेडक्लार्क शिंदे, गंगापूरचे. पासपोर्टचे अर्ज आमच्याकडून दिल्लीला परराष्ट्र खात्याकडे जायचे.

*

हर्सूलच्या राबियाबींचा अर्ज आला. थोरली बहीण कराचीत अंथरुणाला खिळलेली, तिला एकदा भेटायचं होतं. जन्मदाखल्यावर तारीख होती ‘५ दै १३२५’. दै हा निजामाच्या फसली सनातला महिना. मी रजेवर होतो. नव्या कारकुनाने भाषांतर केलं, ‘जन्माच्या वेळी पाच दाया हजर.’

शिंदे म्हणाले, “घराणं लई मोठं दिसतंय.”

*

मी आल्यावर दाया काढल्या, पण घाईत सन तसाच राहिला. दिल्लीहून पत्र आलं, ‘अर्जदाराचा जन्म १३२५ साली झालेला दिसतो. खुलासा करावा.’

म्हणजे बाई सहाशेच्या पुढं! मी पत्र शिंद्यांपुढं सरकवलं.

“त्यात काय खुलासा करायचा?” शिंदे म्हणाले. “तब्येत ठणठणीत हाय म्हणून कळवा.”

*

मी फाइलवर टिपण लिहिलं, ‘सदर तारीख फसली आहे.’ तेव्हा आमचे साहेब पुण्याकडून नवे आलेले. फसली सन त्यांनी कधी ऐकला नव्हता. त्यांनी खाली शेरा मारला, ‘फसली असल्यास दुसरी आणावी.’

राबियाबी रोज बाकावर येऊन बसत. त्या म्हणाल्या, “साहब, मेरी पैदाइश कू छोड़ो. वहाँ आपा की साँस अटकी है.”

*

शेवटी मी तारखेचा हिशेब मांडला. दोन जंत्र्या नऊ नोव्हेंबर म्हणत होत्या, तिसरी आठ. मी लिहिलं, ‘बहुधा ९ नोव्हेंबर १९१५.’

शिंदे हळूच म्हणाले, “प्रोफेसरसाहेब, तेवढं बहुधा काढा. बाईला कराचीला जायचंय, पुन्हा जन्मायचं नाय.”

पटत होतं, पण पेन चालेना. खात्री नसताना खात्रीने सही कशी करायची? कागद इंग्रजीत ‘प्रॉबेबली’सकट दिल्लीला गेला. पासपोर्ट निघाला तर परस्पर राबियाबींना मिळणार होता. नंतर माझं ते टेबलही सुटलं. माझ्या एका शब्दापायी बाईंना सरहद्दीवर अडवलं असेल, हा विचार मात्र सुटला नाही. हर्सूलला जाऊन विचारायचा धीर कधी झाला नाही.

*

पुष्कळ वर्षांनी क्रांती चौकात राबियाबींनीच मला ओळखलं. मी चाचरत विचारलं, “आपा?”

“मिली ना साहब. पूरे बीस दिन उसके सिरहाने बैठी. मेरा हात पकड़ के गई.”

त्यांनी आग्रहाने घरी नेलं, चहा दिला आणि ट्रंकेतून जुना पासपोर्ट काढला. आत दोन्ही देशांचे शिक्के होते. जन्मतारखेच्या रकान्यात सुबक, वळणदार अक्षरात लिहिलं होतं : ‘प्रॉबेबली ९ नोव्हेंबर १९१५.’