वाढत्या अंगाचं

आधीच सांगते, हसायचं असेल तर कप खाली ठेवून हसा. हा माझा पराक्रम ऐकताना शेजारच्या बाईंनी अख्खा चहा सतरंजीवर सांडला होता, आणि सतरंजी माझी होती!

तर झालं काय, त्या वर्षी मी कोथरूडात सहा महिन्यांचा शिवणाचा क्लास पूर्ण केला. रीतसर प्रमाणपत्र मिळालं. आता प्रमाणपत्र मिळालेला माणूस गप्प बसतो का? मी लगेच जाहीर करून टाकलं, "या भाऊबीजेला तिन्ही पोरांना एकाच ताग्यातले कपडे. आणि शिवणार मी!"

तिन्ही म्हणजे माझा मंदार, वय वर्षं आठ. धायरीला राहणाऱ्या धाकट्या जावेची, नीताची गौरी, सहाची. आणि खडकीच्या क्वार्टर्समध्ये राहणाऱ्या नणंदेची चिनू, जेमतेम चार.

आमच्या घरी नुकताच फोन बसला होता. त्यावर वन्संनी हळूच विचारलं, "वहिनी, असू दे म्हणून एखादा तयार फ्रॉक घेऊन ठेवू का?"

बघा, म्हणजे किती तो विश्वास!

"मुळीच नाही! काही आणलंत तर परत पाठवीन. तुम्ही फक्त मापं सांगा."

सासूबाईंनी तर कहरच केला. भाऊबीजेला सकाळी अकराची स्टुडिओतली वेळ ठरवून आल्या. तीन नातवंडं, एक कापड, मोठा फोटो, तोही दारासमोरच्या भिंतीवर. "घरं तीन टोकांना आहेत, निदान पोरं तरी एका रंगाची दिसतील," म्हणाल्या. आमच्या सासूबाईंचा जिव्हाळा असाच टोमण्यातून येतो, पण तो फोटो त्यांना मनापासून हवा होता. मला गहिवरूनच आलं. म्हटलं, आता असे कपडे शिवते की बघत राहतील.

बघत राहिल्या, हे खरं आहे.

लक्ष्मी रस्त्यावरून रामा रंगाचं सुती कापड आणलं, त्यावर पिवळे बुट्टे. गौरीला परकर-पोलकं, चिनूला फ्रॉक, मंदारला झब्बा-सुरवार. नीताने मापासाठी गौरीचा एक फ्रॉक पाठवला. वन्संनी फोनवर इंच सांगितले. मंदारला मी धरून मोजलं, तेव्हा तो गुदगुल्या होतात म्हणून नुसता उड्या मारत होता.

मापं वहीत उतरवताना विचार केला, पोरं वाढत्या अंगाची. दोन इंच सढळ असलेले बरे. आपल्याकडे कुणाला कधी मापाचा कपडा मिळालाय हो? माझा शाळेचा गणवेश मला नीट बसला तो शाळा सोडायच्या वर्षी!

मग कागदावर बेतताना क्लासच्या बाई आठवल्या. लहान मुलांचं नेहमी दोन इंच सैल, असं त्या सांगायच्या. घातले दोन इंच.

मग प्रत्यक्ष कात्री लावताना वाटलं, सुती आहे, आटेल. तसं कापड मी आधीच पाण्यातून काढून वाळवलं होतं. पण कापडाचा काय भरवसा? शिवाय दिवाळीचे चार दिवस पोरं लाडू-चकल्या हाणणार, ते सगळं जाणार कुठे? घातले आणखी दोन.

"अगं, एकदा मंदारला घालून बघ," सासूबाई म्हणाल्या.

"आई, तिन्ही एकदम उघडायचे. आधी बघितलं की मजा जाते."

"बरं. येऊ दे मजा."

भाऊबीज उजाडली. सगळे जमले, ओवाळून झालं, आणि मी ऐटीत पुडकी वाटली. साडेदहा वाजले होते. पोरं कपडे घालायला आत पळाली.

आधी गौरी बाहेर आली. ती येऊन उभी राहिली तरी तिचा परकर आतल्या खोलीतून येतच होता. चिनूच्या डोक्यातून फ्रॉक घातला तो गळ्यातून खांद्यावर, खांद्यावरून सरळ जमिनीवर! पोर फ्रॉकच्या मधोमध चड्डी-बनियनवर उभी राहून टाळ्या वाजवायला लागली. मंदार शेवटी आला. एका हाताने सुरवार धरलेली. निदान हातानेच धरली असावी, कारण हात काही दिसत नव्हते.

आमचे हे पंख्याकडे बघत बसले.

आता अशा वेळी शहाणी बाई काय करते? चूक कबूल करते. मी चौकशी सुरू केली.

"नीता, तो फ्रॉक गौरीला बरोबर होतो ना?"

नीता चाचरली. "म्हणजे वहिनी... गेल्या वर्षी वाढत्या अंगाचा घेतला होता. अजून जरासा सैलच आहे."

"बघा! आणि वन्सं, तुम्ही?"

"मी एकच इंच वाढवून सांगितला हो. म्हटलं, दिवाळीपर्यंत पोर वाढेल."

मग काय विचारता! मला जोरच चढला. माप म्हणजे शास्त्र असतं, सहा महिने शिकावं लागतं, तुम्हीच मापं वाढवून दिलीत तर शिवणाऱ्या बाईने डोकं कुठे फोडायचं, असं मी बोट नाचवून पाच मिनिटं सुनावलं. दोघी खाली मान घालून ऐकत होत्या.

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं. चूक या दोघींचीच. हा मंदार कुणाकडे राहतो गं?"

मी पुडक्यांचे कागद गोळा करायला लागले.

मंदार सुरवार सावरत पुढे आला. "आजी, मी इथेच राहतो की!"

तेव्हा मात्र माझ्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. फोटो जाणार, तोही माझ्यामुळे. पर्यायी कपडे आणायलाही मीच बंदी घातलेली.

सासूबाई उठल्या, गॅलरीत गेल्या आणि दोरीवरचे झाडून सगळे चिमटे ओच्यात घेऊन आल्या. एकेका पोराला भिंतीकडे तोंड करून उभं केलं, लांबी आणि बाह्या आत दुमडल्या, पाठीमागे कापड गोळा केलं, पीळ दिला आणि चिमटा. पुन्हा पीळ, पुन्हा चिमटा. चिनूच्या पाठीवर अकरा लागले.

"वळायचं नाही, टेकायचं नाही. आणि मागे फटाका वाजला तरी बघायचं नाही," त्यांनी पोरांना बजावलं.

रिक्षात तिघं पुढे वाकून, सीटचा दांडा धरून उभी. स्टुडिओतले फोटोग्राफर म्हणाले, "मुलांनो, जरा तिरके उभे राहा बरं." आम्ही तिघी बायका एका सुरात ओरडलो, "नको!"

पण फोटो काय सुरेख आला म्हणून सांगू! अजून दारासमोर लटकतोय. येणारा-जाणारा थांबून म्हणतो, "वा, कपडे किती छान बसलेत! कुणी शिवले?"

मी पदर सारखा करते, तोंड उघडते, तोवर सासूबाईंचं सांगून झालेलं असतं:

"पुढून हिने. मागून मी."