जावेची केबल अर्धा मिनिट पुढं

गिरणीत जसं पीठ साचतं, तसे हे किस्से साचतात. रोज झाडा, तरी पत्र्यावर, वायरीवर, कानामागं थर बसतोच! लोहाऱ्यात माझी पिठाची गिरणी आहे. शाळा चौथीपर्यंत. लिहायला बसले की माझा हात दुखतो, बोलायला बसले की समोरच्याचं डोकं. पण आमची रेखा म्हणाली, "सुमनबाई, लिहून ठेवा. आपण मेल्यावर कुणाला खरं वाटायचं न्हाय."

आमचा एक ग्रुप आहे, मोबाईलवरचा. नाव 'दुपारचा पिच्चर'. बाया नऊ, बोलणाऱ्या तीनच: रेखा टेलर, मी आणि माझी थोरली जाऊ कमलआक्का. बाकीच्या ऐकतात आणि अंगठा दाखवतात.

* * *

ग्रुप निघाला लाईटीमुळं. आमच्या गल्लीची लाईट गेली की बरोबर दुपारच्या पिच्चरलाच जाते. रेखाचं घर तहसीलच्या मागं, तिथं जात न्हाय. साहेबलोकांचे पंखे फिरायला लागतात ना! मग आमच्याकडं टीव्ही बंद पडला की रेखा पुढचा पिच्चर बोलून पाठवायची.

पण ती पडली टेलर. "हिरोईन जिना उतरतीय. साडी मोरपंखी. ब्लाउजचा गळा लईच खाली घेतलाय, आणि खांद्याला झोळ पडलाय बगा." अगं, पण ती उतरून चाललीय कुठं? ते सांगायची न्हाय!

एक दिवस ऐन मारामारीत लाईट गेली. रेखाचा मेसेज आला, "हिरोच्या पोटात चाकू घुसला, रक्त आलं, खाली पडला... अगं बाई, दूध!"

आणि तासभर काही न्हाय. आमच्या ग्रुपवर सुतक! एकीनं तर वाढलेलं ताट सरकवून ठेवलं. शेवटी मीच फोन लावला. "रेखे, मेला का जगला?"

"सगळं उतू गेलं की वो!"

"अगं, हिरो!"

"तो व्हय? तो नाचतोय कवाचा."

* * *

आता जावेचं सांगते. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं न्हाय.

अकरा वर्षांमागं आमच्या घराची वाटणी झाली. त्या दुपारी मी आणि कमलआक्का एका उशीवर डोकं टेकून पिच्चर बघत होतो. भाऊ-भाऊ वेगळे होणार म्हणून रडत होतो, का पिच्चरला रडत होतो, ते आमचं आम्हालाच कळत नव्हतं. तेवढ्यात माणसं आली आणि चालू टीव्हीची पिन काढून टीव्ही उचलला. टीव्ही थोरल्याला, फ्रीज धाकट्याला. मी आक्काकडं बघितलं. म्हटलं, ही तरी म्हणेल, पिच्चर संपू द्या. ती बोलली न्हाय. ती म्हणते, तिनं माझ्याकडं बघितलं, ही तरी म्हणेल फ्रीज राहू द्या. मी बोलले न्हाय.

झालं! तिच्याकडं पिच्चर, माझ्याकडं बर्फ. मधी भिंत.

दोघं भाऊ आठव्या दिवशी हाटेलात एका बशीतला चहा प्यायले. भांडण त्यांचं, राखण आमची!

मी गिरणी टाकली, स्वतःचा टीव्ही घेतला, पण जावेशी बोलले न्हाय. ती पण न्हाय. काही सांगायचंच झालं तर मी माझ्या शेळीला मोठ्यानं सांगायची, आणि ती भिंतीपलीकडून तिच्या कोंबडीला. खोटं कशाला बोलू, मला बोलायचं होतं. फक्त सुरुवात तिनं करावी, एवढंच. थोरली कोण आहे?

आणि रेखानं तिला ग्रुपमधी घेतलं! मी म्हटलं, "माझ्या जावेला कशाला घेतलंस?" रेखा म्हणाली, "जाऊ तुमची, ग्रुप माझा."

पहिल्याच दिवशी मी मेसेज टाकला, की ही हिरोईन लई रडकी आहे. लगेच आक्काचा आला: "काही लोकान्ला रडणं कळत न्हाय. भांडणं तेवढं कळतं." मी पाठवलं: "काही लोकान्नी नाव घेऊन बोलावं." ती म्हणाली: "काही लोकान्चं नाव घेतलं की दूध नासतं."

आमची भिंत एक वीट जाडीची. त्यामुळं तिचं बोलणं मला दोनदा ऐकू यायचं, आधी भिंतीतून, मग फोनमधून. शेवटी रेखा वैतागली. "सुमनबाई, तुमच्या मेसेजमधी आक्काचा कुकर वाजतोय, आणि आक्काच्या मेसेजमधी तुमची शेळी वरडतीय. तुमी दोघी मला मधी का घालताय? तोंड बाहेर काढून बोला की!"

आम्ही दोघींनी तिला एकाच वेळी अंगठा पाठवला.

* * *

आक्काकडं केबल, माझ्याकडं पत्र्यावरची डिशची छत्री. तिची केबल अर्धा मिनिट पुढं चालते. म्हणजे पिच्चरमधी कुणी मरायचं असलं की आधी भिंतीपलीकडून हुंदका यायचा, आणि मग माझ्या टीव्हीत माणूस मरायचा. माझ्या किती पिच्चरचं वाटोळं केलं तिनं! दवाखान्याचा सीन लागला की मी टीव्हीकडं न्हाय, भिंतीकडं बघायची.

मी ग्रुपवर सांगितलं: "काही जणींनी रडायची घाई करू नये."

तेव्हापासून ती पदर तोंडात कोंबून रडायला लागली. हुंदक्याऐवजी कुकरची शिट्टी अडकल्यासारखा आवाज यायचा. त्यानं जास्तच कळायचं!

एक दिवस पिच्चरमधी म्हातारी आई वारली, आणि भिंतीपलीकडं काहीच न्हाय. पोरगा अनवाणी धावत आला, काही न्हाय. चिता पेटली, काही न्हाय. माझं पिच्चरमधलं लक्ष उडालं. मी दारात जाऊन शेळीला विचारलं, "का गं, शेजारची माणसं जित्ती हायती का?"

भिंतीपलीकडून कोंबडीला उत्तर गेलं, "सांग तिला, जित्ती हायती. केबल गेलीय."

मी आत आले आणि टीव्हीचा आवाज होता न्हाय तेवढा वाढवला. चौकातून माणूस आला विचारायला, "सुमनवैनी, लाऊडस्पीकर लावलाय का काय?"

म्हटलं, "मला कमी ऐकू येतं. तुमाला काय तरास?"

अर्ध्या मिनिटानं भिंतीपलीकडं हुंदका आला. त्या दिवशी पहिल्यांदा मी तिच्याआधी रडले!

* * *

एकदा रेखानं टूम काढली, धाराशिवला जाऊन मोठ्या पडद्यावर पिच्चर बघायचा. आम्ही सहाजणी एष्टीनं निघालो. आक्का ड्रायव्हरमागं, मी मागच्या सीटवर. थेटरात रेखा आमच्या दोघींच्या मधी बसली, पंचायतीनं नेमलेल्या माणसासारखी.

पिच्चर सासवा-सुनांचा होता. आता सासू सुनेचं पत्र लपवतीय आणि आपण गप बसायचं? आमच्या बाया पडद्याला सांगायला लागल्या. "डब्यात ठेवलंय गं! तांदळाच्या! न्हाय, डाव्या हाताच्या!" पुढच्या रांगेतल्या शिकल्या-सवरल्या बाईनं मागं वळून म्हटलं, "प्लीज, जरा शांत बसाल का?"

कमलआक्का म्हणाली, "ताई, गप बसायचं असतं तर घरीच बसले नसते व्हय? दोन तास एष्टीत हाडं मोडून आलोय!"

मला असं हसू फुटलं! पण जावेच्या बोलण्याला हसायचं कसं? मी खोकले. लई वेळ खोकले. डोळ्यांतून पाणी आलं. तेवढ्यात रेखाच्या मांडीवरून पाण्याची बाटली माझ्याकडं सरकली. हात रेखाचा नव्हता. हातात आक्काच्या बांगड्या होत्या.

रेखा म्हणाली, "मी उठून बाहेर जाऊ का?"

* * *

जत्रेत ऑर्केस्ट्रा आला. गाणं पाहिजे असलं की चिठ्ठी द्यायची, मग माईकवाला नाव घेऊन सांगतो, अमक्यांची फर्माईश. मी जुन्या झोपाळ्याच्या गाण्याची चिठ्ठी दिली, खाली माझं नाव घातलं. माईकवाल्यानं ते वाचलं, कुणाची बायको ते शेजाऱ्याला विचारलं, आणि माझ्या मालकांचं नाव पुकारलं. आमच्याकडं बाईच्या चिठ्ठीला गड्याचं नाव लावायची रीतच आहे.

मी गेले की स्टेजवर! म्हटलं, "दादा, गाणं म्या सांगितलंय. आमच्या मालकांला गाणं आणि भोंगा एकच. त्येंचं नाव कशाला खराब करता?"

त्यानं घाबरून माझं नाव दोनदा घेतलं. गाणं झालं. लगेच दुसरी चिठ्ठी गेली. माईकवाला म्हणाला, "हेच गाणं पुन्हा एकदा, सुमनताईंसाठी. पाठवणाऱ्याचं नाव न्हाय!"

आम्ही सगळ्या इकडं तिकडं बघायला लागलो. कमलआक्का एकटी जत्रेतल्या उंच पाळण्याकडं बघत होती, जन्मात पाळणा बघितला न्हाय अशी.

रेखा म्हणाली, "आक्का, माझं पेन द्या."

* * *

त्यानंतर पंधरा दिवसांनी मालकांनी जेवताना सांगितलं, "दादा-वैनी पुण्याला चाललेत. पोराकडं. दसरा झाला की घराला कुलूप."

मी म्हटलं, "जाऊ द्या की. माझं काय जातंय?" आणि भाजीत दुसऱ्यांदा मीठ घातलं.

नवरात्रात देवळापुढं आराधी बायांचा मेळा बसतो. झांजा, तुणतुणं, देवीआईची गाणी. त्यात एकीनं ओळ म्हणायची, दुसरीनं मागून उचलायची. पूर्वी आक्का म्हणायची आणि मी उचलायची. आता तिच्यामागं दुसरी बाई असते, तिचा आवाज म्हणजे गिरणीचा सुटलेला पट्टा. मी लांब ओट्याला टेकून बसले. ऐकायला काय बंदी न्हाय.

रेखानं व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला. पुढं आक्का गातीय झोकात. आणि मागं कोपऱ्यात, ओट्याला टेकून, मी! माझं तोंड पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत चालू! एक शब्द सोडला न्हाय मी!

संध्याकाळी भिंतीपलीकडं तो व्हिडिओ वाजायला लागला. एकदा, दोनदा, सहादा. सातव्यांदा मी शेळीला ओरडले, "बास की आता!"

पलीकडून कोंबडीला सांगणं गेलं, "ज्येला गुणगुणायला लाज वाटत न्हाय, त्येला ऐकायला कशाला वाटावी?"

कुलूप लागायला चार दिवस राहिले होते.

* * *

दसऱ्याच्या दिवशी दुपारी ग्रुपवर आक्काचा मेसेज आला. चार मिनिटांचा! ती कधी दहा सेकंदांच्या वर बोलत न्हाय. पिच्चर सुरू व्हायचा होता. मी गिरणी बंद केली आणि फोन कानाला लावला.

आधी नुसती भांडी. मग आक्काचा आवाज, हळू.

"सुमन... न्हाय. असं एकदम कसं? ... सुमनबाई, म्या काय म्हणते... हॅट्, बाई काय, माझ्या हाताखालची पोर ती. ... सुमे, त्या दिवशी म्या बोलाया पायजे व्हतं... न्हाय, मग ती डोक्यावर बसल. ... ए भवाने! येती का हिकडं! ... सुमन, उद्या जायचंय गं..."

मग नाक ओढल्याचा आवाज. मग परत पहिल्यापासून, "सुमन..."

मला कळलं. ती एकटीच बोलून बघत होती. बोट लागून बटण दाबलं गेलं होतं, आणि बंद करायला म्हणून तिनं पाठवायचा बाण दाबला, तसं सगळं बोलणं ग्रुपला गेलं. तिला पत्ता नव्हता.

ग्रुपवर कुणी बोललं न्हाय. अंगठा न्हाय, काही न्हाय. रेखासुद्धा गप! असं कधी झालं नव्हतं.

मी चप्पल घातली. भिंतीला वळसा घालून रस्त्यानं गेले आणि तिची कडी वाजवली. अकरा वर्षांत पहिल्यांदा. तिनं दार उघडलं. हाताला पुरणपोळीचं पीठ, डोळे सुजलेले. मला बघून कंबरेवर हात ठेवला.

"काय पायजे?"

"तुमी बोलवलंत म्हणून आले."

"म्या? कवा?"

"आत्ता. चार मिनटं बोलवत व्हतात. सगळ्या ग्रुपला माझं नाव पाठ झालं."

तिनं ओट्यावरचा मोबाईल बघितला. मग माझ्याकडं बघितलं. पिठाच्या हातानं पदर तोंडाला लावला. आणि अशी खेकसली माझ्यावर:

"मग भवाने म्हटलं तवाच यायचं न्हाय व्हय!"