बरं शे

"बरं आहे" हे दोन शब्द कानावर पडताच ज्याचं डोकं फिरतं असा माणूस सबंध सुरतेत एकच होता, आणि नव्वदच्या दशकातल्या एका उन्हाळी सुट्टीत मी नेमकी त्याच्याच तावडीत सापडले. मी वकिली शिकत होते आणि आमचे हे सर पांडेसऱ्यातल्या, म्हणजे कापड रंगवणाऱ्या गिरण्यांच्या भागातल्या, एका खोलीत मानवी हक्कांच्या संशोधनाची संस्था चालवत. संस्था म्हणजे सर, एक कुरकुरता पंखा आणि आम्ही चार-दोन विद्यार्थी. सर मूळचे नागपूरचे. अर्धं आयुष्य सुरतेत काढूनही त्यांची बोली तसूभर हलली नव्हती. खानदेशी कामगारांच्या वस्तीत ते छाती फुगवून सांगत, "हे आमचे इंटर्न." आता इंटर्न म्हणजे सरकारी दवाखान्यातले शिकाऊ डॉक्टर, एवढंच तिथे ठाऊक. पहिल्याच दारात एका आजीबाईंनी माझ्यापुढे जीभ काढली. "मन्हा खोकला जास नही, एखादी गोयी दे ना माय." सरांनी खुलासा करायचं सोडून दुसऱ्या दिवशी पिशवीत खोकल्याच्या गोळ्याच आणल्या.

गोळी सगळे घेत, पण कामाचं विचारलं की त्यांच्या अहिराणीत एकच उत्तर, "बरं शे," म्हणजे बरं आहे. रंगाने हात सोललेत? बरं शे. सुट्टी मिळते? बरं शे. मी ते लिहायला घेतलं की सर कडाडत, "काय लिहून राहिली पोरी? ते उत्तर नाही, ती दाराची कडी आहे! बरं शे म्हटलं की उठायचं नाही, बसून राहायचं. खरं त्याच्यानंतर निघते." आणि ते खरोखर बसत. चहा थंड होई, घरातली माणसं जेवून घेत, सर आपले बसलेलेच.

त्याच उन्हाळ्यात एका डाइंग मिलमध्ये कपडा रंगवायच्या मशीनचं उकळतं पाणी एका कामगाराच्या पायांवर आलं. शेठ म्हणाला, हा आमचा माणूसच नाही. "तो आमच्यासोबत कामाला होता," एवढं कुणा सोबत्याने सांगितलं असतं तर भरपाईची केस उभी राहिली असती. आम्ही दार न् दार पालथं घातलं. शेवटी उरला त्याला पाठीवर घालून मिलबाहेर आणणारा शेजारी. सर त्याच्याकडे दिवे लागेपर्यंत बसले. जखमीची बायको दाराशी उभी राहून ऐकत होती. शेजाऱ्याने खाली बघत म्हटलं, "माले काही म्हाईत नही. आमनं बरं शे." त्यालाही उद्या त्याच मिलमध्ये कामाला जायचं होतं. ती बाई मुकाट्याने आत गेली आणि नवऱ्याला घेऊन गावी परतली. सर त्या दिवशी ओरडले नाहीत, याचीच मला भीती वाटली.

काही वर्षांनी मी भेटायला गेले. विद्यार्थी नव्हते, पंखा बंद होता, सर खोकत होते. पिशवीतल्या गोळ्या संपल्या असाव्यात. मी विचारलं, "सर, कसं चाललंय?"

नागपूरचा तो माणूस माझ्याकडे न बघता म्हणाला, "बरं शे."

त्यांच्याच नियमाप्रमाणे मी उठले नाही, बसून राहिले. चहा थंड झाला. सर पुढे काहीच बोलले नाहीत.